मे महिन्यातलं घर

नागपुरात कुत्र्यासाठी घर हिवाळ्यात शोधू नये, असं माझं हल्ली ठाम मत झालं आहे. डिसेंबर-जानेवारीत या शहरात ज्याला त्याला सकाळी फिरायला जायचं असतं. सेमिनरी हिल्सला गर्दी, अंबाझरीला गर्दी, कानटोपीतले काका, नव्या बुटांतले जावई. त्या दिवसांत कुणालाही विचारा, "रोज तासभर फिरवाल का?" उत्तर ठरलेलं, "हो ना जी, आम्ही तसंही जातोच." बरं, ते खोटंही बोलत नसतात. जानेवारीत ते खरंच जातात.

तर्री आमच्याकडे आली तीही नेमकी डिसेंबरातच. हिंगणा रोडवर एका बंद टपरीच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधून कुणीतरी निघून गेलं होतं. भाच्याने तिला स्कूटरवर पोत्यात गुंडाळून आणलं आणि आणतानाच नाव ठेवलं. रंग तसाच होता, लालसर तपकिरी, वर तेल आल्यासारखी चकाकी. एक कान उभा, एक दुमडलेला. पोह्यावर ओतायची तर्री तिखट असते, हे तेव्हा आम्ही कुणी मनात आणलं नव्हतं, कारण आली तेव्हा ती अगदीच मिळमिळीत होती. कानांत गोचिड्यांचे घोस, हिरड्या पांढऱ्या, जेवणाकडे बघायचीसुद्धा नाही. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स फार खाली गेलेल्या. टिक फीवर. आपल्याकडे कुत्र्यांना हा आजार सर्रास होतो. गोचिडीतून जंतू रक्तात जातो, ताप येतो, नाकातून रक्तही येऊ शकतं, आणि वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिनच्या साध्या गोळ्यांनी बरंही होतं. फक्त गोळ्या २८ दिवस, न चुकवता.

त्या गोळ्यांच्या दिवसांत तर्रीइतकी गुणी कुत्री नागपुरात नसावी. ठेवलं तिथे बसायची, हात लावला की डोळे मिटायची. भाच्याने तिचा शाल पांघरलेला फोटो सगळीकडे फिरवला आणि फोनवर फोन सुरू झाले. "किती शांत आहे!" "अशीच पाहिजे होती आम्हाला." डॉक्टरांनी मात्र मला आधीच बजावून ठेवलं होतं, "आत्ता हिच्या स्वभावाबद्दल काही लिहू नका. रक्त भरू द्या, मग बघा कोण निघते ती." म्हणून मी कुणालाच हो म्हटलं नाही. आजारी जनावराचा अशक्तपणा लोक स्वभाव समजतात. पुढे अंगात ताकद आली की "आम्हाला फसवलं, दुसरंच कुत्रं दिलं" म्हणत परत आणून सोडतात. असे प्रकार मी बरेच पाहिले आहेत.

रक्त भरलं. आणि मग ती निघाली.

कंपाउंडची भिंत आमच्या खांद्याएवढी आहे, ती तिने पहिल्यांदा ओलांडली तेव्हा आम्हाला वाटलं फाटक उघडं राहिलं असेल. आईंचा वाळत घातलेला स्वेटर तिने बाहीपासून इतका व्यवस्थित उसवला की लोकरीचा गुंडाच करायचा बाकी होता. बादलीत पाय घालून पाणी उडवणं, चपला गच्चीवर नेऊन ठेवणं, दूधवाल्याच्या गाडीबरोबर चौकापर्यंत शर्यत. "ही कुत्री आहे का वानर बाप्पा?" आई म्हणाल्या, पण त्यांना ती आवडलीही होती; सकाळच्या चहाचं बिस्किट कुणाला जातं ते मला दिसत होतं.

ठेवून का नाही घेतली, हे सगळेच विचारतात. आमच्याकडे तेरा वर्षांचा म्हातारा आहे. त्याचे मागचे पाय गेलेत, ऐकू कमी येतं. तर्री प्रेमाने त्याच्या अंगावर उडी मारायची आणि तो कळवळायचा. शेवटी शेवटी तो बाथरूममध्ये जाऊन बसू लागला. ज्याने या घरात आपलं आयुष्य काढलं, त्याने शेवटचे दिवस बाथरूममध्ये काढायचे हे मला पटणारं नव्हतं. एवढंच कारण.

तर घर शोधायचं होतं. फोन दोन प्रकारचे येत. पहिल्या प्रकारात पहिला प्रश्न "ब्रीड कोणतं?" आणि "गावठी" म्हटलं की आवाजातली उंची कमी. दुसऱ्या प्रकारात "मादी आहे का? मग नको." मादीला पिल्लं होतात म्हणून नको. शस्त्रक्रिया करून देते म्हटलं, तरी नको. ऑपरेशन झालेली मादी नरापेक्षा काही कमी पळत नाही की कमी भुंकत नाही, पण हा समज जुना आहे आणि फोनवर निघणारा नाही, म्हणून मी वाद घालणं सोडलं.

या दोन चाळण्यांतून खाली उरत ती माणसं खरोखर चांगली असत. बेसा भागातलं एक जोडपं, दोघंही नोकरीला, फ्लॅटमध्ये एसी, बाल्कनी, कुत्र्यासाठी आधीच आणून ठेवलेली गादी. सोसायटीचा आक्षेपही त्यांनी निपटला होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक त्यांनी सचिवांना दाखवलं होतं. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. एवढी तयारी करणारी माणसं कुठे मिळतात? पण तर्री सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या गादीवर एकटी असणार होती. आणखी एका घरी मुलाच्या वाढदिवसाला ती भेट म्हणून हवी होती. एका तरुणाला हॉस्टेलवर हवी होती, वॉर्डन ओळखीचा होता म्हणे.

"इतकी छान छान माणसं येऊन राहिली, काहून नाही म्हणतेस सगळ्यांना?" आई विचारायच्या. माझ्याकडे धड उत्तर नसायचं. नकार मला देता येत होता, त्याचा नियम मात्र सांगता येत नव्हता.

तो नियम मला मिळाला काटोलकडच्या एका शेतकऱ्याकडून, ज्यांनाही मी शेवटी नाहीच म्हटलं. त्यांची संत्र्याची बाग, रानडुकरांचा त्रास, राखणीला कुत्रं हवं. सरळ माणूस. "दिवसा साखळीले राहीन, रात्री सुटी," त्यांनी आपणहून सांगितलं. मी बाग बघायला गेले. त्यांचं जुनं कुत्रं भरल्या अंगाचं होतं, डोळे स्वच्छ, पाण्याचं टाकं भरलेलं. पण दिवसभर साखळी म्हणजे तर्रीच्या अंगातलं सगळं वारं दिवसभर कोंडून ठेवणं. कायद्यालाही हे कळतं, ही मला नेहमी गंमत वाटते: १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात साखळीच्या लांबी-वजनाबद्दल तर आहेच, शिवाय सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा म्हणून वेगळा लिहून ठेवला आहे. कुत्र्याचं पळणं ही चैन नाही, हे कुणीतरी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कलमात बसवलं.

मी नाही म्हटलं तेव्हा ते रागावले नाहीत. चहा पाजला. विहिरीजवळच्या आंब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उन्हाळ्यात आमचं जनावर त्या झाडाखाली राह्यते, खाली माती ओली करतो आम्ही. तुमच्या शहरातले लोक मे महिन्यात कुत्रं कोठी ठेवतात जी?"

परत येताना काटोल रोडवर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

नागपूरचा मे ज्यांनी काढला नाही त्यांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ते आकडे सावलीतल्या हवेचे असतात. डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघावी. ठेववली नाही तर कुत्र्याच्या पंजालाही तो रस्ता नको. माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, घामाच्या ग्रंथी असतात त्या तळपायांना. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकतच घालवायची. म्हणजे सकाळी आठनंतर बाहेर नेणं नाही, आणि संध्याकाळी सूर्य बुडाला तरी रस्ता बुडत नाही, तो रात्री नऊ-दहापर्यंत आच फेकत असतो. नवतप्यात, मेअखेरच्या त्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, तर विचारूच नका. एखाद्या निवांत कुत्र्याला हे चालतं, तो कूलरसमोर आडवा होतो आणि मृगाची वाट पाहतो. तर्रीसारखीला मात्र दिवसाचे पंधरा-सोळा तास घरात बसायचं आणि राहिलेल्या दोन तुकड्यांत सगळी ऊर्जा संपवायची. पहाटे साडेचार ते साडेसहा, आणि रात्री दहानंतर. त्या दोन वेळांना घरातलं कुणी जागं असेल तरच.

म्हणून मी प्रश्न बदलला. "फिरवाल का?" ऐवजी विचारू लागले, "मे महिन्यात पहाटे साडेचारला तुमच्या घरी कोण उठलेलं असतं?" फोन भराभर संपू लागले. एक जण हसले, एक बाई चिडल्या, "आम्ही कुत्रा मागतोय, नोकरी नाही." एसी आहे असं बऱ्याच जणांनी सांगितलं. एसीने कुत्रं थंड होतं, दमत नाही. न दमलेलं तरुण कुत्रं सोफा खातं, आणि सोफा खाल्ला की माणसांचं प्रेम आटतं.

यात तिच्या वयाचाही भाग होता. दातांवरून डॉक्टरांनी आठ-नऊ महिन्यांची सांगितली होती. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना जी कुत्री सांभाळणाऱ्या माणसाने 'बस' म्हटलं की बसत, तीच आठव्या महिन्यात त्याच माणसाचं कमी ऐकू लागली. अनोळखी माणसाचं ऐकण्यात मात्र अशी घट दिसली नाही. घरात तेरा-चौदा वर्षांचं पोर असलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. हे वय सरतं. पण माणसं कुत्री परत आणतात, सोडून देतात, ती बहुतेक याच वयात. तर्रीला खांबाला बांधून जाणाऱ्यानेही कदाचित तिचं पिल्लूपण मनापासून उपभोगलं असेल.

आणि परत येणं ही फार वाईट गोष्ट आहे. आमच्या गल्लीत भटक्या कुत्र्यांवरून भांडण निघालं की आजही कुणीतरी ऐकवतं, "कोर्टानं सांगितलं ना, एवढा पुळका असेल तर घरी न्या." ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्याच, नागपूर खंडपीठाने तसं म्हटलं होतं खरं: रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या, घरी न्या, नोंदणी करा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, खाऊ घालणाऱ्याने दत्तक घेतलंच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही. मला यातलं दुसरं पटतं, आणि ते केवळ कुत्र्यांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. वाटीभर भात ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कुत्र्याचा दिवस मावतोच असं नाही. जबरदस्तीने घेतलेलं कुत्रं कुठे जातं ते आम्हाला ठाऊक आहे. उलट ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं ते मी अडॉप्शनच्या कागदावर स्वतः लिहून काढते: इच्छा असेल त्याने महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यावं, मात्र एकदा घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. अट जड आहे. असायलाच हवी.

फेब्रुवारीत तर्रीची शस्त्रक्रिया झाली. टाके असताना उडी मारू द्यायची नाही, या एका सूचनेने आमचं घर मेटाकुटीला आलं. त्या दिवसांत कामी आलं ते नाक. जुन्या पोत्याच्या घड्यांत फुटाणे लपवून ठेवायचे आणि तिला शोधायला लावायचं. वीस मिनिटं असं हुंगलं की ती जितकी दमून झोपायची तितकी चौकापर्यंत पळूनही झोपत नसे. नुसतं पळवून कुत्रं थकत नाही, उलट त्याचा दम वाढत जातो आणि आपला कमी पडतो.

मार्चमध्ये फोन आला झिंगाबाई टाकळीहून. मुलगी बावीस-तेवीसची, पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना आठशे मीटर धावायचं असतं, शंभर मीटर, गोळाफेक. ती रोज पहाटे साडेचारला घरामागच्या मैदानावर जायची. माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत म्हणाली, "मॅडम, मेमध्ये तर चारलाच जावं लागते. आणि खरं सांगू का, अंधारात एकटीला भेव वाटते. म्हणूनच पाहिजे."

इतकं जुळणारं उत्तर मिळाल्यावर मी खूश व्हायला हवं होतं. पण तिची निवड झाली की ती प्रशिक्षणाला जाणार, मग कुठेतरी पोस्टिंग, मग लग्न. बावीस वर्षांच्या मुलीचा दिवस तर्रीला साजेसा होता, तिचं पुढचं वर्ष नव्हतं. तर्रीसमोर अजून बारा-तेरा वर्षं होती. मी म्हटलं, मला तुमच्या आईंशी बोलायचंय.

घर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याची शेड, वर गच्ची. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी फोटो बघून लगेच लिहिलं, "घर फारच लहान आहे." या चौरस फुटांच्या हिशेबाचा मला राग येतो. कुत्रं चौरस फुटांत राहत नाही, ते माणसाच्या पायात राहतं. बंगल्याच्या मागच्या अंगणात वर्षानुवर्षं एकटी पडलेली कुत्री मी याच शहरात पाहिली आहेत. मुलीच्या आई विद्यार्थ्यांचे डबे करत होत्या. चारला गॅस पेटायचा. भाऊ बुटीबोरीला कंपनीत, शिफ्ट बदलती, म्हणजे रात्री दहानंतरही घरात कुणीतरी जेवत असायचं. दुपारी सगळे झोपत. त्यांना कळलंही नव्हतं, पण ते घर आधीपासूनच कुत्र्याच्या उन्हाळी वेळापत्रकावर चाललं होतं.

"कूलर एकच आहे जी," आई म्हणाल्या, "त्याच्यासमोर आमच्या इथं जो पहिले येईन त्याची जागा. रात्री गच्चीवर पाणी मारतो न् तिथंच झोपतो."

"मुलगी गेली नोकरीला तर?"

त्यांनी पोळी उलटवली. "तिले तर जायचंच आहे. त्याच्यासाठीच तर एवढं करून राहिलो."

प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, आणि मला खोटं आश्वासन देण्यापेक्षा ते बरं वाटलं. पंधरा दिवस ठेवून बघा म्हटलं, नाही जमलं तर मला फोन करा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. कुत्र्यांच्या लोकांत एक ठोकताळा आहे: तीन दिवस भेदरण्याचे, तीन आठवडे घर ओळखण्याचे, तीन महिने आपलं मानण्याचे. डॉक्टरांनी मुलीला समजावून सांगितलं की वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत डांबरावर लांब पळवायचं नाही, सांधे अजून पक्के नाहीत. मातीवर, थांबत थांबत चालेल. तर्री गेली. म्हातारा त्या संध्याकाळी बाथरूममधून बाहेर आला आणि तिचं भांडं चाटून ठेवलं, हे सांगायला हरकत नाही.

पहिल्या तीन दिवसांत तिने डब्याच्या पिशव्यांचे दोन पट्टे खाल्ले. नंतर एका विद्यार्थ्याला डब्यात कमी पोळ्या गेल्या, तेव्हा चोर कोण यावर घरात फार वेळ चर्चा झाली नाही. मुलगी मला रोज व्हिडिओ पाठवायची. अंधारात नीट काही दिसायचं नाही, फक्त पळणाऱ्या पायांचा आवाज आणि मध्येच तिचं ओरडणं, "तर्री, इकडं! इकडं बे!" पुढे व्हिडिओ कमी झाले. चांगली खूण असते ती.

मेच्या मध्यावर मुलीच्या आईंचा फोन आला आणि माझ्या पोटात गोळा आला. मुलीची नडगी दुखावली होती, डॉक्टरांनी महिनाभर धावणं बंद करायला सांगितलं होतं. मी मनात पुन्हा फोनांची यादी काढायला लागले.

"मग तर्रीला सकाळी कोण नेतं?" मी विचारलं.

"कोण नेणार? मीच. पोळ्या लाटायच्या आधी चक्कर मारून आणतो आम्ही दोघी. शेजारची बाई पण येते, तिले शुगर आहे." मग जरा थांबून त्यांनी ज्यासाठी फोन केला होता ते विचारलं: लुगड्यात हिच्यामागं पळता येत नाही, पोरीची ट्रॅकपॅन्ट घालून जाते, पण ती कमरेत ढिली होते. तुमच्या भाच्याच्या ओळखीत कुठं ते नाडीवालं मिळते का, स्वस्तात?